एप्रिलमध्ये पूल उपसू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तापला की पत्रस्तंभात दोन प्रकारची पत्रे येतात. एकात नळ कोरडा असल्याची तक्रार, दुसऱ्यात शेजारच्या व्हिलाचा स्विमिंग पूल भरायला टँकरामागून टँकर आल्याची. तिळारीचा कालवा दुरुस्तीसाठी बंद झाला आणि उत्तर गोव्यातल्या बार्देशचा पुरवठा आटला, की हणजूण, आसगाव, शिवोलीच्या बाजूने ही दोन्ही पत्रे एकाच वाड्यावरून येतात. मग पूलवर बंदी घाला ही मागणीही ओघाने येतेच. बंदीचे काय व्हायचे ते होवो, बांधून झालेले पूल काही कोणी बुजवणार नाही. ते चालवताना पाणी नेमके कुठे जाते याविषयी मात्र मालकांचा आणि शेजाऱ्यांचाही गैरसमज आहे. (या पत्रात पूल म्हणजे पोहण्याचा, मांडवीवरचा नव्हे.)

हिशेबाला सोपा म्हणून 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पूल धरू. त्यात साधारण 45 हजार लिटर पाणी मावते, म्हणजे 10 हजारांचे साडेचार टँकर. 2021 मध्ये सरकारने घरगुती ग्राहकाला महिन्याला 16 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आणली, त्या मापाने हा एका घराचा पावणेतीन महिन्यांचा वाटा झाला. आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा: या पूलची पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे 320 लिटर गेले. मार्च ते मे उन्हाने आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने दिवसाला 4 ते 6 मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे दीड-दोनशे लिटर. महिन्याचे पाच हजार धरा. हे डोळ्यांना दिसते म्हणून सगळे त्याच्यावरच बोलतात. पण टँकर येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी.

सर्वांत मोठे कारण म्हणजे एप्रिल-मेमध्ये पूल पूर्ण उपसून नव्याने भरणे. विहिरी तळाला गेल्या असताना नेमके हेच का करावे लागते? उत्तर क्लोरीनच्या गोळीत आहे. बाजारात मिळणाऱ्या 200 ग्रॅमच्या पांढऱ्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्या विरघळताना क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही सोडतात. हे ॲसिड उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, म्हणून 30 ते 50 पीपीएमपर्यंत (लिटरला तितके मिलिग्रॅम) ते हवेच. पण क्लोरीन खर्च होतो आणि ॲसिड पाण्यातच राहते, कारण ते उडत नाही आणि फिल्टरमध्येही अडकत नाही. आपल्या 45 हजार लिटरमध्ये एक गोळी सुमारे अडीच पीपीएमची भर घालते. आठवड्याला दोन गोळ्या टाकल्या तरी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत आकडा शंभराच्या पुढे जातो. ॲसिड 30 असताना 2 पीपीएम क्लोरीन जे काम करतो, तेच काम शंभरावर गेल्यावर करायला 6 ते 7 लागतो. किटमध्ये क्लोरीन 2 दिसतो आणि पाणी तरी हिरवे पडते. केअरटेकर आणखी गोळ्या टाकतो, म्हणजे आणखी ॲसिड. शेवटी ‘पाणी जुने झाले’ असा निकाल लागतो आणि पंप लावून सगळे गटारात.

पिवळ्या-लाल दोन नळ्यांचे जे स्वस्त किट सगळीकडे असते, ते फक्त क्लोरीन आणि पीएच दाखवते. सायन्युरिक ॲसिडची चाचणी वेगळी असते: पाण्यात एक द्रावण मिसळतात, ते गढूळ होते, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका किती भरल्यावर दिसेनासा होतो त्यावरून आकडा वाचतात. महिन्यातून एकदा एवढी चाचणी केली तर टँकरचे पैसे वाचतात, हे कुणी मालकाला सांगत नाही. पूल उपसणे हे देखभाल करणाऱ्यालाही सोपे काम आहे, म्हणून असेल.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळ्यांनी ॲसिड 40 च्या आसपास आणावे आणि तिथे गोळ्या थांबवाव्यात. पुढे रोजचा क्लोरीन द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटचा द्यावा. 10 टक्क्यांच्या द्रावणाचा एक ते सव्वा लिटर या मापाच्या पूलला 2 ते 3 पीपीएम देतो. सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून, पाणी आत येणाऱ्या नोझलसमोर ओतावा. हे द्रावण उष्णतेने झपाट्याने उतरते, तेव्हा ते सावलीत ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणावे. कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडरही चालते. मात्र ती आणि ट्रायक्लोरची गोळी एका डब्यात, एका फीडरमध्ये किंवा एकाच ओल्या मगात कधीही येऊ देऊ नये, दोन्ही एकत्र आली तर पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. पीएच उतरवायच्या ॲसिडचा कॅनही त्यांच्या शेजारी नको.

यंदा हे झाले नसेल आणि आकडा आज 120 वर असेल, तरी पूल उपसू नये. गोळ्या बंद करून हायपोक्लोराइटने क्लोरीन 8 च्या आसपास धरून ठेवावा आणि जूनची वाट पाहावी. गोव्यात वर्षाला साधारण 3 हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे 32 चौरस मीटरच्या आपल्या पूलवर थेट आभाळातून 96 हजार लिटर पाणी पडते, पूलच्या दुप्पट, तेही क्षार नसलेले. आपण ते ओव्हरफ्लोच्या पाइपने गटारात सोडतो आणि त्याआधी महिनाभर टँकरचे पाणी विकत घेतलेले असते! मान्सून लागल्याची खात्री झाली की (वळवाच्या सरींना भुलू नये) मेन ड्रेनमधून, म्हणजे तळाच्या जाळीतून, पातळी 30 सेंटीमीटर उतरवावी आणि पावसाला भरू द्यावे. एका खेपेला पाचवा हिस्सा पाणी बदलते. पावसाळाभरात तीन वेळा केले की ॲसिड निम्म्यावर येते, टँकर न मागवता. पातळी स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या, भिंतीतल्या खोबणीच्या) तोंडाखाली गेली की स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करायला मात्र विसरू नये. नाहीतर पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो आणि त्याचे सील जळते.

पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) घसरते. ती 80 ते 120 पीपीएममध्ये राहायला हवी. खायचा सोडा साधारण 750 ग्रॅम टाकला की या पूलमध्ये ती 10 ने वाढते.

पाणी हिरवे पडले म्हणूनही पूल उपसायची गरज नसते. भिंती आणि कोपरे ब्रशने घासावेत, पीएच 7.2 ते 7.4 वर आणावा, संध्याकाळी क्लोरीन 10 पीपीएमने वाढवावा (10 टक्क्यांचे साडेचार लिटर), पंप दिवस-रात्र चालू ठेवावा. ॲसिड जास्त असेल तर मात्रा त्या प्रमाणात वाढते. पाणी हिरव्याचे राखाडी झाले म्हणजे शेवाळ मेले. टँकर किंवा विहिरीचे पाणी घातल्यावर पूल चहासारखा तांबूस झाला तर ते शेवाळ नव्हे, लोह आहे. जांभ्यातल्या पाण्यात ते असतेच आणि क्लोरीन लागताच रंग धरते. पीएच साडेसातपर्यंत आणून तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड द्यावे, पंप बंद करून रात्रभर पाणी निवळू द्यावे आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने, मल्टिपोर्ट (फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी थेट बाहेर जाईल असा ठेवून, सावकाश ओढून काढावा. यात दीड-दोन हजार लिटर जातात. उपसले असते तर 45 हजार गेले असते.

दुसरे कारण गळती. ती वर्षानुवर्षे दिसत नाही, कारण पूलला आपोआप पाणी घालणारा फ्लोट व्हॉल्व्ह असतो. पातळी उतरतच नाही, मग शंका कशी यावी? परीक्षा एका बादलीने होते. पाऊस नसलेल्या, कोणी पोहणार नसलेल्या दिवशी फ्लोटचा व्हॉल्व्ह बंद करावा. बादलीत तळाला दगड ठेवून ती पूलच्या वरच्या पायरीवर अशी ठेवावी की बादलीतली आणि पूलची पातळी सारखी येईल. दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करावी. 24 तासांनी मोजावे. बादलीतले उतरले तेवढे उन्हावाऱ्याचे. पूल त्याहून 5 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. एक सेंटीमीटरचा फरक असेल तर महिन्याला जवळजवळ एक टँकर जमिनीत जातो आहे.

ही परीक्षा दोनदा करावी, एकदा पंप नेहमीसारखा चालवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त गळत असेल तर दोष फिल्टरनंतरच्या, दाबाच्या पाइपात. दोन्ही वेळा सारखेच गळत असेल तर पूलच्या टाकीतच. नोझलमधून सतत बुडबुडे येत असतील तर पंपाआधीच्या ओढणीच्या पाइपात कुठेतरी फट आहे. पंप बंद ठेवून पातळी उतरू दिली आणि ती एका जागी येऊन थांबली, तर त्या उंचीवर पाहावे: स्किमरचे प्लास्टिक आणि काँक्रीट यांचा सांधा, दिव्याच्या खोबणीतून मागे जाणारा वायरीचा पाइप, नोझलभोवतीचा ग्राउट. बहुतेक गळत्या याच तीन जागी सापडतात. संशयाच्या जागी, पाणी अगदी स्थिर असताना, पिचकारीने खाण्याच्या रंगाचे दोन थेंब सोडले की फट असेल तिथे रंग आत ओढला जातो.

हे सगळे करण्याआधी एक गोष्ट बघावी, तिला दोन मिनिटे लागतात. पंप ‘फिल्टर’वर चालू असताना बॅकवॉशच्या (उलटे पाणी सोडून फिल्टरची वाळू धुण्याच्या) पाइपच्या तोंडाशी जाऊन पाहावे. तिथून पाणी ठिबकत असेल किंवा बारीक धार चालू असेल, तर मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या आतले स्पायडर गॅस्केट (आऱ्यांच्या चाकासारखे रबर) गेले आहे. पाइप थेट गटारात किंवा सोकपिटात (शोषखड्ड्यात) सोडलेला असतो, म्हणून ही धार कुणाला दिसत नाही. गॅस्केट फाटते ते पंप चालू असतानाच हँडल फिरवल्यामुळे. पंप बंद, मग हँडल, मग पंप चालू, हा क्रम मोडायचा नाही. गॅस्केट नवे घालायला झाकणाचे स्क्रू काढून, जुना गोंद खरवडून, नवे बसवावे लागते, तासाभराचे काम.

ग्राउट जाण्याचे कारण पुन्हा पाण्यातच असते. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि आम्लधर्मी. त्याला कॅल्शियमची भूक असते, ती ते टाइल्समधल्या सिमेंटवर भागवते. कॅल्शियमची कठीणता 200 पीपीएमच्या वर ठेवली तर ग्राउट टिकतो. 45 हजार लिटरमध्ये ती शंभराने वाढवायला कॅल्शियम क्लोराइडचे 77 टक्क्यांचे फ्लेक्स साडेसहा किलोच्या आसपास लागतात, बादलीत विरघळवून, दोन दिवसांत विभागून. बादलीत आधी पाणी आणि मग फ्लेक्स, कारण ते विरघळताना पाणी चांगलेच तापते.

तिसरे कारण बॅकवॉश. 24 इंची सँड फिल्टरवर बॅकवॉशला मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी जाते. दर बुधवार-रविवार पाच-पाच मिनिटे बॅकवॉश मारायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. महिन्याला आठ-नऊ हजार लिटर होतात ते, उन्हाने उडणाऱ्या पाण्याहून कितीतरी जास्त. बॅकवॉश वार बघून नव्हे, फिल्टरवरचा दाबाचा काटा बघून करायचा असतो. स्वच्छ वाळूवर काटा किती आहे तो आकडा झाकणावर मार्करने लिहून ठेवावा. काटा त्याहून 8 ते 10 पीएसआयने चढला की बॅकवॉश. घरगुती वापरात ती वेळ तीन-चार आठवड्यांनी येते. बाजूच्या काचेतले पाणी निवळले की थांबावे, दोन-तीन मिनिटे पुरतात. मग ‘रिन्स’वर वीस-तीस सेकंद. थोडी मळलेली वाळू अगदी स्वच्छ वाळूपेक्षा बारीक कण चांगले धरते, त्यामुळे रोज धुतलेला फिल्टर पाणी उलट कमी नितळ देतो. बॅकवॉशनंतर आठवडाभरातच काटा पुन्हा चढत असेल तर वाळूत तेलाचे गठ्ठे झाले आहेत. खोबरेल आणि सनस्क्रीन लावून थेट उडी मारणाऱ्यांची ही कृपा. पूलशेजारच्या शॉवरखाली एक मिनिट उभे राहायला पाणी लागते ते पाच-दहा लिटर, ते वाचवण्यात अर्थ नाही.

बॅकवॉशचे पाणी हजार लिटरच्या टाकीत घेऊन रात्रभर निवळू दिले आणि क्लोरीन शून्यावर आल्यावर वरचे माडांना, झाडांना घातले तर उत्तम. परत पूलमध्ये घालू नये. मिठाच्या क्लोरिनेटरवर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या पूलचे पाणी मात्र बागेतही नको आणि जमिनीत तर नकोच. त्या पाण्यात लिटरला 3 ते 4 ग्रॅम मीठ असते. आपल्या मापाच्या पूलमध्ये दीडशे किलो मीठ झाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे. जांभा चाळणीसारखा, आज सोकपिटात सोडलेले मीठ शेजारच्या विहिरीत पोहोचायला वेळ लागत नाही. गळतीची बादली-परीक्षा मिठाच्या पूलवाल्यांनी म्हणूनच आधी करावी.

इन्फिनिटी एजच्या, म्हणजे एका काठावरून पाणी सांडत राहणाऱ्या पूलमध्ये आणखी एक दोष हमखास आढळतो. पंप चालू झाला की काठावरून पाणी वाहायला पूलची पातळी सेंटीमीटरभर चढावी लागते. ते पाणी बॅलन्सिंग टँकमधून (काठावरून सांडलेले पाणी साठवणाऱ्या टाकीतून) येते, टँकची पातळी उतरते, आणि तिथला फ्लोट वर लावलेला असेल तर तो लगेच नळाचे पाणी सोडून टँक भरून टाकतो. संध्याकाळी पंप बंद केला की काठावरचे पाणी टँकमध्ये परतते, टँक आधीच भरलेला, मग तेवढे पाणी ओव्हरफ्लोने बाहेर. रोज 320 लिटर, कुठेही गळती नसताना! फ्लोट खाली, पंपाच्या ओढणीच्या तोंडावर हवा न ओढण्यापुरते पाणी राहील एवढ्याच उंचीवर लावावा. घरात कोणी नसताना काठावरून पाणी वाहते ठेवायचे कारण नाही, पातळ पडद्यासारखे वाहणारे पाणी वाऱ्यावर फार उडते.

कव्हरविषयी थोडक्यात. नीट बसलेले बबल कव्हर असेपर्यंत पाणी उडणे जवळजवळ थांबते. बुडबुडे पाण्याच्या बाजूला. निळे पारदर्शक कव्हर थंड देशांत पूल तापवायला वापरतात, आपल्याकडे मे महिन्यात त्याने पूलचा काढा होतो, तेव्हा अपारदर्शक, वरून पांढरे किंवा चंदेरी घ्यावे. क्लोरीनची मोठी मात्रा दिल्यावर ते लगेच ओढू नये, प्लास्टिक सडते. पोहायच्या आधी ते पूर्ण काढावे, अर्धे गुंडाळून नव्हे, मूल त्याखाली अडकू शकते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान वाऱ्याच्या बाजूला दाट कुंपण लावावे.

आता पावसाळ्यातली एक चूक, जिच्यामुळे पुढच्या हंगामात सगळेच पाणी जाते. पाहुणे नाहीत म्हणून जून ते सप्टेंबर पूल रिकामा ठेवतात. किनारपट्टीच्या गावांत त्या दिवसांत विहिरी काठोकाठ असतात, तेच पाणी रिकाम्या पूलला खालून उचलते. टाइल्स सुटतात, तळ फुगतो, कधी भिंतीला तडा जातो. मेन ड्रेनमध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह असला तरी तो गाळाने चिकटलेला असू शकतो. पूल भरलेलाच ठेवावा, नेहमीच्या पातळीपेक्षा 30 सेंटीमीटरहून जास्त खाली पाणी नेऊ नये, आणि दिवसाला दोन-तीन तास पंप फिरवावा, म्हणजे डासही होत नाहीत.

पंचायती आणि खाती यांच्याकडे आमचे मागणे लहान आहे. 2002 च्या भूजल नियमन कायद्याने विहीर किंवा बोअर मारायला परवानगी लागते, पण पूलला वर्षात किती पाणी घातले याची नोंद बहुतेक मालकांकडेच नसते. पूल भरणाऱ्या पाइपावर अर्ध्या इंचाचा वेगळा मीटर असावा, ही अट बांधकाम परवान्यातच घालता येईल. आधीच्या पूलना तो प्लंबर अर्ध्या दिवसात बसवतो. फ्लोट व्हॉल्व्हच्या आधी, बायपास न ठेवता. टँकरचे पाणी मीटरमधून जात नाही, ते वहीत वेगळे लिहावे. बादली-परीक्षेत उडणारे पाणी कळलेच आहे, बॅकवॉशची मिनिटेही वहीत लिहावीत. या दोन्हींपेक्षा मीटर आणि टँकर मिळून महिन्याला दोन हजार लिटर जास्त दाखवत असतील, तर प्लंबरला बॅकवॉशच्या पाइपापासून सुरुवात करायला सांगावे.

आपले विश्वासू,
पूल देखभालीच्या कामातले काही जण, बार्देश